देवानं दिलेलं टॅलेंट मंडळीत (चर्चमध्ये) वापरायचं म्हणजे फक्त गाणं आणि संदेशच (प्रवचनच) का?

नगरची_मोगरा

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातली, मिशनच्या काळापासूनची, दगडी चर्च, रविवारी दीडेकशे माणसं. मी संडे स्कूलला शिकवते आणि आता चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीतही आहे. परवा पुढच्या वर्षाची कामं वाटायला बसलो. गायनवर्ग कोण बघणार, संडे स्कूल कोण, तरुण संघ कोण, महिला मंडळ कोण, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) बाहेरगावी असले की संदेश कोण देणार, एवढं झालं की यादी संपली. नावंही तीच, दर वर्षीची. मग ठरलं की उपासनेनंतर सूचना द्यायची, ज्यांना सेवेची इच्छा आहे त्यांनी पंचांना भेटावं. सूचना झाली आणि कोणीही भेटलं नाही. आणि मग आमच्यातलेच काही म्हणाले की लोकांना सेवेची आवडच उरली नाही.

मला हे अजिबात पटलं नाही. त्याच बाकांवर कोण बसतं ते बघा ना. एक काका रिटायर्ड तलाठी आहेत, सातबारा, फेरफार, मोजणी सगळं तोंडपाठ, आणि आमच्या चर्चच्या जागेचा हद्दीचा वाद कितीतरी वर्षं चाललाय, त्यांना एकदाही कोणी बोलावलेलं नाही. एक भाऊ लाइनमन आहेत आणि चर्चचं वायरिंग जुनाट, पावसात भिंतीला हात लावायची भीती वाटते. आणि जे मला सगळ्यात जास्त लागतं ते सांगते. एका कुटुंबातला मुलगा ऐकू-बोलू शकत नाही. दर रविवारी आईबरोबर येतो, दीड तास शांत बसतो, जातो. त्याच चर्चमध्ये चार बाक मागे एक ताई बसतात त्या मूकबधिर शाळेत शिक्षिका आहेत, खाणाखुणांची भाषा हा त्यांचा रोजचा व्यवसाय. या दोघांना एकत्र आणायचं आजवर कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण कृपादान (देवानं दिलेली देणगी) म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर माइक येतो.

पवित्र शास्त्र तर असं म्हणत नाही. निर्गम ३१ काढा, देव मोशेला सांगतो मी बसालेलला माझ्या आत्म्यानं भरलंय, कशासाठी तर सोनं, रुपं, पितळ, लाकूड, दगड यांचं काम करायला. तो कारागीर होता. यापोची दुर्कस, प्रेषितांची कृत्ये ९, ती गेल्यावर विधवा रडत रडत पेत्राला काय दाखवतात, तर तिनं शिवलेली कपडेलत्ती. १ पेत्र ४:१० मध्ये तर प्रत्येकाला देणगी मिळालीय असंच धरून चाललंय, आणि ती एकमेकांच्या सेवेत लावा म्हटलंय.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. कृत्ये ११ मध्ये अंत्युखियाची मंडळी वाढायला लागली तेव्हा बर्णबा काय करतो? सूचना देत नाही. तो उठून तार्सला जातो, शौलाला (हाच पुढे पौल) शोधतो, सापडल्यावर बरोबर घेऊन येतो आणि दोघं वर्षभर तिथं शिकवतात. मला वाटतं आपल्या मंडळ्यांमध्ये देणग्या भरपूर आहेत, तार्सला जाणारं माणूस नाहीये. चांगली माणसं हात वर करत नाहीत, लाजतात, मागं कोणीतरी बोललेलं असतं, किंवा आपल्याला जे येतं ते चर्चच्या कामाचं आहे हेच त्यांना माहीत नसतं. नावानं जाऊन विचारावं लागतं.

तुमच्याकडे कसं करतात? कॅथलिक, प्रोटेस्टंट, कुठल्याही मंडळीतले असा, लिहा.

वसईचा_दर्या

मोगराताई नमस्कार. मी कॅथलिक, वसईकडचा. आमच्याकडे मोठा फरक कशानं पडला सांगतो. छोटे ख्रिस्ती समूह असतात, वाडीवाडीतले, आणि आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रविवारच्या मिस्साची (उपासनेची) तयारी पाळीपाळीनं एकेका समूहाकडे येते. वाचनं कोण करणार, श्रद्धावंतांच्या प्रार्थना कोण लिहिणार, अर्पणं कोण नेणार, गाणी कुठली, सगळं त्या वाडीनंच बघायचं. वाडी लहान असते त्यामुळे लपायला जागा नसते, आपोआप शेजारीण शेजारणीला म्हणते तू वाच ना, तुझा आवाज चांगला आहे. पहिल्यांदा पाय लटपटतात, पुढच्या पाळीला तीच बाई दुसरीला शिकवते.

आणि टॅलेंट म्हणजे देवळाच्या भिंतीच्या आतलंच असं का धरायचं? फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं बघा. लेखणीची देणगी होती, 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं चालवलं, बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि तीच लेखणी आणि आवाज वसईची हिरवळ वाचवायच्या आंदोलनातही लावला. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्याकडे प्रत्येक घरात आनंद होता. आणखी मागं जायचं तर फादर स्टीफन्स, जन्मानं इंग्रज माणूस, गोव्यात येऊन भाषा शिकला आणि १६१६ ला राचोलला त्याचं क्रिस्तपुराण हे काव्य छापून झालं, दहा हजारांवर ओव्या. लोकांना ज्या छंदात गोडी होती तोच त्यानं उचलला.

खतावणी_पुणे

फार महत्त्वाचा धागा. मी अकाउंट्समधला माणूस आहे, आमच्या मंडळीचे हिशोब बघतो, म्हणून माझ्या बाजूचं लिहितो कारण या सेवेबद्दल कोणी प्रार्थनासुद्धा करत नाही.

आपल्या बहुतेक मंडळ्या पब्लिक ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या आहेत. म्हणजे दरवर्षी ऑडिट आलं, आणि विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. किती ठिकाणी तो दिलेलाच नसतो, मग दहा-पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या लोकांची नावं रेकॉर्डला राहतात, आणि जागेचा वाद उभा राहिला की मंडळीच्या वतीनं सही कोणी करायची इथपासून अडतं. भांडणं होतात, भाऊ भावाशी बोलत नाही. हे सगळं एका नीटनेटक्या माणसाच्या महिन्यातल्या दोन संध्याकाळींनी टळू शकतं. दानार्पणाचे पैसे दोन माणसांनी मिळून मोजणं, त्याच दिवशी वहीत लिहिणं, सहीचा कागद ठेवणं. पौलानंसुद्धा यरुशलेमसाठी गोळा केलेल्या वर्गणीबद्दल हीच काळजी घेतलीय, २ करिंथ ८:२०-२१ वाचा, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून बरोबर दुसरी माणसं पाठवली. मला ते वचन माझ्या कामासाठीच लिहिलंय असं वाटतं आणि मी ते मनापासून मानतो.

तुमच्या तलाठी काकांना याच आठवड्यात भेटा. हद्दीच्या वादात जुने फेरफार वाचता येणारा माणूस म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

गिटारवाला_पोरगा

मी १९ वर्षांचा आहे, मराठवाड्यातल्या एका शहरातला. मला खरं सांगायचंय की नुसतं विचारून पण होत नाही, विचारल्यावर करू द्यायला पण पाहिजे ना. मला एका चर्चमध्ये बोलावलं वाजवायला, मी तयारी करून गेलो, तर एका वडिलांनी उपासनेच्या आधी सांगितलं की हे वाद्य इथं चालणार नाही, हे काय हॉटेल आहे का. सगळ्यांसमोर. आई रडली त्या दिवशी. त्यानंतर मी तिथं गेलो नाही, आता मित्रांबरोबर घरीच प्रार्थनेला वाजवतो. मला स्टेजवर नाव नको होतं, देवासाठी वाजवायचं होतं एवढंच.

जुना_पंच

बाळा, वाचून वाईट वाटलं. तुला असं बोलायला नको होतं. मी सत्तरीच्या पुढचा आहे, माझं ऐक.

आज आपण जे मराठी भजन 'आपलं जुनं' म्हणून म्हणतो ना तेही एके काळी नवंच होतं. आधी मिशनरी लोकांनी आणलेली गाणी पाश्चात्त्य चालीवर होती, शब्द मराठी पण चाल परकी, खेड्यातल्या माणसाच्या गळ्यात बसायची नाही. मग नगरला कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनाची पद्धत ख्रिस्ती सेवेत आणली, वीणा, टाळ, आख्यान लावून. पुढे नारायण वामन टिळक, १८९५ ला बाप्तिस्मा झाला, आधीपासूनच कवी होते, त्यांनी आपलं काव्य तसंच्या तसं प्रभूच्या पायाशी आणलं, अभंग आणि भजनाच्या वळणावर शेकडो गीतं लिहिली. आता विचार कर, त्यांना कोणी म्हटलं असतं की अभंग इथं चालणार नाही, तर आज आपल्या तोंडात काय राहिलं असतं? आणि लक्ष्मीबाई! लग्न झालं तेव्हा अक्षरओळख नव्हती, आणि टिळक गेल्यावर त्यांचं अर्धं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य याच बाईनं हाती घेऊन पुढे नेलं, शेवट मुलानं केला. देणगी कोणात कुठं दडलेली असते ते आधी दिसत नाही.

फक्त एक मागणं, जुनी भजनं पण शीक. गिटारवर वाजव हवं तर.

केडगावची_लेक

पंचकाका अगदी बरोबर. मी केडगावजवळची म्हणून पंडिता रमाबाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी केडगावला काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये आलेल्या बायका-मुली कोण होत्या, बालविधवा, दुष्काळात टाकून दिलेल्या, अंध, सगळ्यांनी ओझं म्हणून सोडलेल्या. रमाबाईंनी यांना नुसतं जेवण आणि कपडा दिला नाही. तुला काय शिकता येईल हे एकेकीला बघून विणकाम, शेती, स्वयंपाक, शिवण, छापखाना असं काम दिलं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं, टोपल्या विणायला शिकवलं. आणि रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून मूळ भाषांवरून मराठी बायबल केलं त्याचे छपाईचे खिळे याच बायकांनी जुळवले, छापलं याच बायकांनी. रमाबाई १९२२ ला गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं. ज्यांना गावानं अक्षर शिकू दिलं नव्हतं त्यांच्या हातून देवाचं वचन छापलं गेलं. मी हे संडे स्कूलच्या मुलींना सांगते तेव्हा माझाच आवाज भरून येतो.

मोगराताईंचा मुद्दा हाच आहे ना, की शोधावं लागतं आणि मग शिकवावंही लागतं. नुसतं 'या सेवेला' म्हणून होत नाही.

थकले_आता

सगळ्यांची माफी मागून वेगळं लिहितेय. मी ती 'नेहमीची नावं' मधली आहे. गाते, पेटी वाजवते, संडे स्कूल, नाताळचं नाटक, महिला मंडळाची सेक्रेटरी, आणि हार्वेस्टच्या (सुगीच्या सणाच्या) लिलावाच्या वस्तूपण मीच गोळा करते. नोकरी आहे, सासूबाई अंथरुणाला आहेत. कोणी म्हणतं देवानं तुला दिलंय म्हणून तू केलंच पाहिजे, आणि मी नाही म्हटलं की मला वाटतं मी येशूच्या दाखल्यातला तो जमिनीत पैसा पुरून ठेवणारा चाकर झाले. उपासनेत माझं लक्ष वचनाकडे नसतंच, पुढचं गाणं, मुलांचे खाऊचे पुडे, किल्ली कोणाकडे. अशी सेवा देवाला आवडते का?

नगरची_मोगरा

@थकले_आता ताई, तुमची पोस्ट वाचून मी उठून प्रार्थना केली तुमच्यासाठी, खरंच.

मत्तय २५ मधला तो दाखला आपण एकमेकांना फार चुकीच्या वेळी सुनावतो असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं धन्यानं ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे दिलंय, एकाच चाकराच्या डोक्यावर सगळं ठेवलेलं नाही. तुम्ही आठ जणांचं काम करताय म्हणजे सात जणांची देणगी पुरलेलीच राहिलीय, तुमच्यामुळे नव्हे तर मंडळीनं त्यांना विचारलं नाही म्हणून. निर्गम १८ मध्ये मोशेचा सासरा इथ्रो येऊन बघतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटा न्याय करत बसलाय, तो काय शाबासकी देत नाही. म्हणतो हे तू करतोस ते बरं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील, माणसं निवड आणि वाटून दे.

माझं ऐकाल तर दोनच गोष्टी ठेवा, पेटी आणि अजून एक जी तुम्हाला आवडते ती. बाकीच्या तीन महिन्यांची मुदत देऊन सोडा, पण सोडताना प्रत्येक कामाला एकेक माणूस बरोबर घ्या आणि शिकवा. आणि काही दिवस कुठल्याही रविवारी नुसत्या बाकावर बसा. तुमच्या पाळकसाहेबांनी हे तुमच्याआधी बोलायला हवं होतं.

मिरजेची_सिस्टर

मी नर्स आहे. मिरज म्हणजे मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांच्या हॉस्पिटलचं गाव, इथं सेवा आणि नर्सिंग हे वेगळे शब्द वाटतच नाहीत. आम्ही काही जणी मिळून महिन्यातल्या एका रविवारी उपासनेनंतर बीपी आणि शुगर तपासतो. किती म्हाताऱ्यांना माहीतच नव्हतं की बीपी वाढलेलं आहे.

पण अनुभवानं सांगते, मर्यादा आधीच ठरवा. आम्ही औषध सांगत नाही, आकडा चिठ्ठीवर लिहून देतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. दुसऱ्याचा आजार बाहेर बोलायचा नाही, प्रार्थनेची विनंती म्हणूनसुद्धा नाही, त्या माणसानं स्वतः सांगितलं तरच. आणि नाइट करून आलेल्या नर्सला 'देवासाठी कर' म्हणून उभं करायचं नाही.

लाइनमनसाठी पण हेच. काम त्यांच्याकडून करून घ्या पण वायर, एमसीबी, अर्थिंग याचे पैसे मंडळीनं द्या, चांगला माल आणा.

खतावणी_पुणे

+१. यावर एक प्रश्न, कौशल्याचं काम असेल तर मोबदला द्यावा का? आमच्याकडे यावरून दोन तट आहेत. मी म्हणतो ज्याचं घर त्या धंद्यावर चालतं, सुतार, गवंडी, साउंडवाला, त्याचा पूर्ण दिवस घेणार असाल तर मजुरी विचारून द्या, तो नको म्हणाला तर ती त्याची मर्जी. पौल तंबू शिवून पोट भरायचा (कृत्ये १८) आणि करिंथकरांवर भार टाकला नाही, पण त्याच पौलानं १ करिंथ ९ मध्ये कामकऱ्याचा हक्कही ठासून सांगितलाय. हक्क सोडणं त्याच्या हातात होतं. मंडळीनं तो काढून घ्यायचा नसतो.

कुवेत_पुणेकर

इथं आम्ही थोडी मराठी कुटुंबं शुक्रवारी जमतो, सुट्टी तेव्हाच असते. लोक इतके कमी की आपोआप प्रत्येकाला काहीतरी करावं लागतं, त्यामुळे धाग्यातली अडचण आम्हाला कमी. आमची अडचण गाण्यांची आहे. आमच्याकडे 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकाच्या जुन्या फाइल्स होत्या त्या श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की नुसती चिन्हं दिसायची. माझं काम सॉफ्टवेअरचं, मी बसून त्या युनिकोडमध्ये आणल्या, जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासावे लागले. आता प्रोजेक्टरवर पण येतात आणि मोबाइलवर पण. शब्द आहेत, पण चाली कोणाला येत नाहीत! पुस्तकात नुसतं चालीचं नाव दिलेलं असतं, आणि ती चाल माहीत असलेली माणसं तिकडे गावाला. कोणाकडे रेकॉर्डिंग आहे का?

आजी_आणि_नातू

नमस्कार, हे मी नातू टाइप करतोय, आजी बाजूला बसून सांगतेय. आजी वाचत नाही, धागा मी वाचून दाखवला. ती म्हणते, "मला काय येत नाय बाबा, मी कधी पुढं गेले नाय. पण भजनं मला येत्यात. माझ्या सासऱ्यांकडनं शिकले, ते कीर्तनकारांच्या मागं झांज वाजवायचे. एकाच भजनाच्या दोन दोन चाली येत्यात, एक सणाची आणि एक मयताच्या घरची. आता चर्चमधी पोरं येकाच चालीवर सगळं म्हणत्यात. मला कोणी इचारलं न्हाई म्हणून मी बोलले न्हाई."

मी आजपर्यंत तिला कधी विचारलं नव्हतं की दोन चाली असतात म्हणून. आत्ता तिनं म्हणून दाखवल्या, खरंच वेगळ्या आहेत.

नगरची_मोगरा

आजींना माझा सलाम सांग. कुठलं गाव तुमचं? नाव नको, तालुका सांग फक्त. @कुवेत_पुणेकर तुम्ही जे शोधताय ते इथंच बसलेलं आहे बघा.

जुना_पंच

आजीबाई ज्या मयताच्या चालीबद्दल बोलतायत ती माझ्या लहानपणी ऐकलेली आहे, संथ, टाळ न वाजवता म्हणायचे. मला वाटलं ती गेली. हे रेकॉर्ड झालंच पाहिजे, आणि लवकर. आमच्या पिढीतले किती उरलोत.

गिटारवाला_पोरगा

मी करू शकतो रेकॉर्डिंग. माझ्याकडे बऱ्यापैकी माइक आहे आणि एडिटिंग येतं. आजी कुठल्या तालुक्यात आहेत? मराठवाड्याच्या बाजूला असतील तर मी बसनं येईन. पैसे नको.

आजी_आणि_नातू

शेवगाव तालुका. आजी म्हणते ये, पण भाकरी खाऊन जायचं. आणि ती म्हणते पेटीवर सूर धरणारं कोणीतरी आण, नुसत्या गळ्यानं पट्टी उतरते आता.

थकले_आता

मी शेवगावपासून लांब नाही. पेटी मी आणीन. बाकी काही नाही करणार, फक्त पेटी.

कुवेत_पुणेकर

वा! मग मी इकडून फाइलींचं बघतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला एवढं नक्की लिहा: गीताचा नंबर, पहिली ओळ, चालीचं नाव आजी जे म्हणतील तेच, कुठल्या प्रसंगाला म्हणतात, आणि कोणाकडून शिकल्या. आधी कुठलीही वाद्यं न लावता नुसता आजींचा आवाज घ्या, मग पेटीवर एकदा. पंखा बंद ठेवा, मोबाइल एरोप्लेन मोडवर. फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा, व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, आवाज दबतो.

खतावणी_पुणे

आणि आजींची परवानगी. कुठं टाकणार, कोण वापरणार ते त्यांना समजावून सांगून त्यांच्याच आवाजात सुरुवातीला रेकॉर्ड करून घ्या. गिटारवाल्याचं बसभाडं मी देतो, नको म्हणू नकोस बाळा, व्यनि (खाजगी निरोप) कर.

नगरची_मोगरा

मी पण येते पेटीवाल्या ताईंबरोबर, संडे स्कूलच्या दोन मोठ्या मुली घेऊन, चाली शिकायला. त्या मूकबधिर शाळेच्या ताईंकडे काल संध्याकाळी जाऊन आले. म्हणाल्या, "मला वाटलं पाळकसाहेबांना आवडणार नाही म्हणून मी कधी विषय काढला नाही." पाळकसाहेबांनी लगेच होकार दिला. येत्या रविवारपासून त्या पुढच्या बाकाजवळ उभ्या राहणार, संदेशाचे मुद्दे त्यांना शनिवारी आधी लिहून पाहिजेत, नावं आणि वचनं खुणांनी सांगायला तयारी लागते म्हणाल्या. तलाठी काकांकडे उद्या जाणार आहे, खतावणीदादा, कुठले कागद मागून घ्यायचे ते व्यनि करा.